दहा वाजता दाराशी: एका लहान मंडळीच्या सोशल मीडियाचं प्रकरण

आशीर्वादासाठी पाळकसाहेबांनी हात वर केले आणि तेवढ्यात मागचं दार करकरलं. नवरा, बायको, दोन मुलं. कडेला बसलेल्या काकूंनी सरकून जागा दिली. ते चौघं टेकतात न टेकतात तोच 'आमेन' झालं आणि अख्खी मंडळी उठून उभी राहिली. गृहस्थ गोंधळले. त्यांनी खिशातून फोन काढून माझ्यापुढे धरला. आमच्याच मंडळीचं, म्हणजे चर्चचं, फेसबुक पेज होतं. 'रविवारची उपासना सकाळी १० वाजता.' भिंतीवरच्या घड्याळात दहाला दोन मिनिटं कमी होती. बिचारे वेळेच्या आधी आले होते. उपासना साडेआठची होऊन दोन वर्षं उलटली होती.

मी माफी मागितली, पाळकसाहेबांशी गाठ घालून दिली, संडे स्कूलच्या बाईंनी मुलांना रंगवायला चित्रं दिली. सगळे फार छान वागले. ते कुटुंब पुन्हा आलं नाही.

मला चटका लागला तो वेगळ्याच गोष्टीचा. त्या एका आठवड्यात मंडळीकडून सोशल मीडियावर सोळा गोष्टी गेल्या होत्या. रोज सकाळी फुलांच्या चित्रावर एक वचन, तरुण संघाच्या रील, मागच्या उपासनेचं दीड तासाचं चित्रण, गायनाचे तुकडे. एकावरही उपासनेची वेळ नव्हती. आम्ही बोलत होतो भरपूर, आणि नवख्या माणसाला हवं असलेलं एकुलतं एक उत्तर मात्र चुकीचं लटकत होतं.

हे प्रकरण त्या रविवारपासून पुढच्या साधारण दीड वर्षाचं आहे. आमची मंडळी लहान. रविवारी साठ-सत्तर माणसं, एक पाळक, पगारी कर्मचारी कोणीच नाही. मी कार्यकारिणीची चिटणीस. इतिवृत्त लिहिणारी म्हणून हेही काम माझ्याच गळ्यात पडलं. ज्यांचे प्रसंग पुढे येतात त्यांना विचारलं आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. असं करायची सवय आम्हाला कशी लागली, तेही पुढे येईलच.

वहीतले तीन रकाने

पहिल्या बैठकीत मी वहीत तीन रकाने आखले: काय आहे, किल्ली कोणाकडे, आणि पाहतं कोण.

पहिला रकाना भरताना हसू आलं. फेसबुकची दोन पेज, एक यूट्यूब चॅनेल, एक इन्स्टाग्राम खातं, आणि व्हॉट्सॲपचे पाच ग्रुप. त्यांतला एक तीन वर्षांपूर्वीच्या शिबिराचा होता आणि त्यात अजून वाढदिवसाच्या शुभेच्छा पडत होत्या. दुसऱ्या रकान्याशी आल्यावर हसू थांबलं. जुनं पेज ज्या मुलाने काढलं तो शिकायला दूर गेला होता. पेजला दुसरा ॲडमिन नव्हता. त्याचं खातं कॉलेजच्या ईमेलवर, कॉलेज संपल्यावर ईमेल बंद, पासवर्ड विसरलेला. म्हणजे मंडळीच्या नावाची पाटी भररस्त्यात उभी आणि तिच्यावरचं अक्षर बदलायला कोणाकडेच शिडी नाही. यूट्यूब चॅनेल एका भावाच्या खाजगी जीमेलवर होतं. त्याच खात्यात त्याच्या घरच्या लग्नाचे व्हिडिओ, त्यामुळे आमच्या संदेशांच्या यादीत मधेच एक वरात.

तिथल्या तिथे एक गोष्ट ठरली. मंडळीच्या नावाचा एक ईमेल काढायचा, सगळी खाती त्यावर आणायची, प्रत्येक ठिकाणी किमान दोन ॲडमिन ठेवायचे, दुहेरी पडताळणी चालू करायची आणि पासवर्डचा कागद अर्पणाच्या वहीबरोबर कुलपात ठेवायचा. कंटाळवाणं काम आहे, दोन शनिवार गेले. लहान मंडळीत पुढे जे काही बिघडतं त्यातलं निम्मं इथे बिघडलेलं असतं असं माझं मत झालं आहे.

तिसऱ्या रकान्यावर वाद झाला. पेजला बऱ्यापैकी लाइक होते. कोणाचे म्हणून पाहिलं तर निम्मे आमचे नातेवाईक, बाकीचे इतर मंडळ्यांचे पाळक आणि सेवक. आमच्या दाराशी कधी येतील असे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. शिवाय लाइक केलेल्यांनाही पेजची प्रत्येक पोस्ट दिसत नाही. फेसबुकने जानेवारी २०१८ मध्ये जाहीरच केलं होतं की फीडमध्ये पेजपेक्षा मित्र आणि घरच्या माणसांच्या पोस्टना झुकतं माप मिळेल. आमच्याकडे ते डोळ्यांनी दिसत होतं. पेजवरच्या सुबक पोस्टरला चार अंगठे, आणि आमच्या एका आजींनी स्वतःच्या खात्यावर टाकलेल्या, थोड्या हललेल्या गायनाच्या फोटोखाली पन्नास जणांची विचारपूस. 'आजी, हे कुठलं चर्च?' हा प्रश्नही तिथेच आला होता. उत्तर कोणी दिलं नव्हतं. आजींना प्रतिक्रिया कशा उघडतात ते माहीत नव्हतं.

फळ्यावरची नावं

दुसरी बैठक तापली. तरुण संघाचं म्हणणं, रील वाढवा, जाहिरात करा, मोठ्या मंडळ्या बघा कशा करतात. मंडळीतले एक ज्येष्ठ म्हणाले, हे सगळं बंद करा, चार दिवस उपास करा. दोघांची गाडी एकाच रुळावर होती, हे मला घरी गेल्यावर कळलं. दोघांच्याही डोळ्यांपुढे मोठा जमाव होता. एकाला तो हवा होता, दुसऱ्याला त्याची धास्ती होती.

पाळकसाहेब उठले, फळ्यावर लिहिलेली फेसबुक-इन्स्टाची यादी पुसली आणि म्हणाले, "रविवारी दुपारपासून पुढच्या रविवारपर्यंत आपल्यातलं कोण कुठे असतं ते सांगा." मग फळ्यावर माणसं आली. रात्रपाळी करणारी नर्स, तिला महिन्यातले दोन रविवार येता येत नाही. जिना चढू न शकणारे एक आजोबा-आजी. परगावी शिकणारी चार मुलं. आजारी मुलाजवळ घरी थांबणारी आई, आणि कधी तिच्याऐवजी बाप. ऐकू न येणारे एक भाऊ, गेली सहा वर्षं पहिल्या बाकावर बसून पाळकांच्या ओठांकडे बघणारे. आणि सगळ्यात खाली कोणीतरी लिहिलं: 'दहा वाजता आलेलं कुटुंब.'

त्या फळ्याचा फोटो मी अजून जपून ठेवला आहे. प्रत्येक नावापुढे आम्ही लिहिलं की या माणसाला काय लागतं. नर्सला दीड तासाचं चित्रण नको होतं. बसमध्ये ऐकता येईल असं काहीतरी हवं होतं. आजोबांना मंडळीचे चेहरे बघायचे होते. पाळकसाहेब त्यांना फोनवर दर आठवड्याला दिसतच होते. बहिऱ्या भावांना लिहिलेला मजकूर हवा होता. सहा वर्षांत हे आम्ही त्यांना विचारलंच नव्हतं. आणि नव्या माणसाला हवी होती वेळ, पत्ता, आणि थोडा धीर.

नव्या माणसाचं काम एका संध्याकाळीत झालं. नव्या पेजवर आणि यूट्यूबच्या माहितीत तोच मजकूर टाकला, गूगल मॅप्सवरची वेळ दुरुस्त केली. दाराचा फोटो, रस्त्यावरून दिसतो तसा. आतून काढलेला वेदीचा सुंदर फोटो आधी लावला होता, पण दार कुठलं ते त्यातून कळत नाही. उपासना किती वेळ चालते, मुलांचं काय, गाडी कुठे लावायची, अर्पणाची थैली समोर आली तर पाहुण्यांनी काही टाकायची गरज नाही, प्रभुभोजनाच्या (भाकर आणि द्राक्षरस घेण्याच्या विधीच्या) वेळी नुसतं बसून राहिलं तरी चालतं. ही शेवटची दोन वाक्यं घालायची की नाही यावर अर्धा तास गेला. दुसऱ्या ठिकाणी पाहुणी म्हणून गेले असताना याच दोन गोष्टींनी माझे तळहात घामेजले होते, म्हणून मी हटून बसले.

दोन मिनिटांचा बुधवार

या सगळ्यात सर्वाधिक उपयोगी पडलेली गोष्ट दिसायला अगदीच साधी आहे. दर बुधवारी संध्याकाळी पाळकसाहेब व्हॉट्सॲपवर दोन मिनिटांचा आवाज पाठवतात.

पहिला झाला अकरा मिनिटांचा. सुरुवातीला अभिवादन, मग प्रस्तावना, मग तीन मुद्दे, पोटमुद्द्यांसह. मी तो ऐकता ऐकता भांडी घासली आणि पुसलीसुद्धा. त्यांना सांगणं अवघड होतं, पण नर्सनेच सांगितलं: "पाळकसाहेब, माझा स्टॉप चार मिनिटांत येतो." दुसऱ्या आठवड्यात त्यांनी रविवारच्या संदेशातलं एकच वाक्य घेतलं आणि ते वाक्य त्यांना सोमवारी दवाखान्याच्या रांगेत कसं आठवलं एवढंच सांगितलं. मागे पंख्याची घरघर. शेवटी एका ओळीची प्रार्थना. एक मिनिट पन्नास सेकंद. आजोबांनी उत्तर म्हणून स्वतःचा आवाज पाठवला, आयुष्यात पहिल्यांदा. त्यात बराच वेळ नुसता श्वास आणि मग 'आमेन, साहेब'. त्या आवाजाखाली मी दर वेळी तोच मजकूर टाइप करून टाकते, बहिऱ्या भावांसाठी. पुढे कळलं की ऐकू येणारेही बरेच जण तो वाचूनच घेतात.

पंखा बंद करून, स्टुडिओतला माइक आणून तो आवाज गुळगुळीत करावा असं तरुणांचं म्हणणं होतं. मी विरोध केला. त्या घरघरीमुळेच तो कार्यक्रम वाटत नाही, माणूस वाटतो.

पत्राने मंडळी सांभाळणं तसं जुनंच. बायबलमधल्या कलस्सैकरांच्या पत्रात पौल सांगतो की हे पत्र तुमच्याकडे वाचून झाल्यावर लावदिकीयातल्या मंडळीतही वाचलं जाईल असं करा. आणि योहानाच्या दुसऱ्या पत्राच्या शेवटी नेमकी उलट ओढ आहे: लिहायचं पुष्कळ आहे, पण कागद आणि शाई नको, येऊन समोरासमोर बोलेन. आमच्या बैठकांत पुढे ही दोन वचनं दोन टोकांसारखी वापरली गेली. एखादी गोष्ट 'लावदिकीयाची' की 'समोरासमोरची', असं आम्ही आता सहज म्हणतो.

प्रार्थनाविनंती

समोरासमोरची गोष्ट ग्रुपवर गेल्यावर काय होतं ते आम्हाला एका गुरुवारी कळलं.

एका बहिणीची तपासणी होती. तिने ते महिला मंडळात तिघींना सांगितलं. त्यांतल्या एकीने मनापासून, खरोखर मनापासून, मोठ्या ग्रुपवर लिहिलं: बहिणीचं नाव, दवाखान्याचं नाव, तपासणीचं नाव, आणि 'कृपया प्रार्थना करा'. मिनिटाभरात जोडलेल्या हातांची रांग लागली. कोणीतरी तो मजकूर आपल्या दुसऱ्या प्रार्थना-ग्रुपवर पाठवला, तिथून तो आणखी कुठे गेला. शनिवारी तिच्या कार्यालयातल्या एकाने तिला विचारलं, "आता तब्येत कशी आहे?" तिने कार्यालयात काही सांगितलं नव्हतं. घरीसुद्धा आईला सांगितलं नव्हतं. तपासणीत काही निघालं नाही. पण ती सहा आठवडे उपासनेला आली नाही, आणि पाळकसाहेब भेटायला गेले तेव्हा म्हणाली, "माझ्यासाठी सगळ्यांनी प्रार्थना केली. मला कोणी विचारलं नाही."

ही चूक आमच्या मंडळीपुरती नाही. १९९८ मध्ये स्वीडनच्या एका पॅरिशमधल्या, म्हणजे स्थानिक चर्चमधल्या, शिक्षिकेने दृढीकरणाची (बाप्तिस्म्यानंतर विश्वास पक्का करण्याच्या विधीची) तयारी करणाऱ्यांना माहिती सोपी व्हावी म्हणून घरच्या संगणकावर वेबपानं केली. तिथे तिने स्वतःसह अठरा सहकाऱ्यांची माहिती लिहिली, हलक्याफुलक्या भाषेत. एका सहकारी बाईंच्या पायाला दुखापत झाल्याने त्या अर्धवेळ रजेवर आहेत, हेही त्यात होतं. सहकाऱ्यांना विचारलं नव्हतं. प्रकरण थेट युरोपच्या न्यायालयापर्यंत गेलं आणि ६ नोव्हेंबर २००३ च्या निकालात न्यायालयाने सांगितलं की पायाच्या दुखापतीचा तो उल्लेख म्हणजे आरोग्याची वैयक्तिक माहितीच. त्यानंतर, २५ मे २०१८ पासून लागू झालेल्या युरोपच्या माहिती-संरक्षण नियमांत आरोग्य आणि धर्मश्रद्धा या दोन्ही खास जपायच्या माहितीत मोडतात. प्रार्थनाविनंतीच्या एका ओळीत बहुधा दोन्ही असतात.

कायदा कुठे काय आहे तो आहे. आमचा नियम आम्ही त्या बहिणीसमोर बसून केला आणि त्याचे शब्द तिचेच आहेत: 'ज्याच्यासाठी प्रार्थना, त्याने ओळ वाचलेली असावी.' म्हणजे ग्रुपवर जाणारा मजकूर आधी त्या माणसाला पाठवायचा. त्याने 'नाव नको' म्हटलं तर 'आपल्यातल्या एका बहिणीसाठी'. आजाराचं नाव कधीच नाही. शिवाय आता मोठ्या ग्रुपवर प्रार्थनाविनंत्या येतच नाहीत. त्या पाळक आणि आणखी दोघांकडे जातात, आणि तिथला मजकूर आठवड्याने आपोआप पुसला जाईल असं लावलं आहे. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात खोलीचं दार लावून प्रार्थना करा असं सांगितलं आहे. ते वचन आम्ही इतकी वर्षं दिखाऊपणाविरुद्ध वाचत होतो. त्या खोलीत आणखी कोणाचं तरी गुपित असू शकतं, हे त्या सहा आठवड्यांत कळलं.

ती बहीण परत आली. तिच्याकडेच आता ते तिघांचं काम आहे.

ग्रुपांची फेरमांडणी त्याच धक्क्यातून झाली. साध्या ग्रुपमध्ये सगळ्यांना सगळ्यांचे नंबर दिसतात. नव्याने आलेल्या बाईला ग्रुपमध्ये टाकलं की साठ अनोळखी माणसांच्या हाती तिचा नंबर गेला, हे आमच्या डोक्यातच नव्हतं. आता व्हॉट्सॲपची कम्युनिटी केली आहे. तिच्या घोषणांच्या ग्रुपमध्ये फक्त ॲडमिन लिहितात आणि सभासदांना एकमेकांचे नंबर दिसत नाहीत. आधी ब्रॉडकास्ट लिस्ट करून पाहिली होती. ती २५६ जणांपर्यंत चालते, पण ज्याने आपला नंबर साठवलेला नाही त्याला संदेश पोचतच नाही, आणि हे पाठवणाऱ्याला कळत नाही. आजी तीन आठवडे रुसून होत्या, 'मला काही पाठवत नाही' म्हणून. घोषणांचा ग्रुप शांत झाल्यावर लोकांना चुकल्यासारखं वाटायला लागलं, म्हणून बाजूला एक मोकळा ग्रुपही ठेवला. फुलांची वचनं, नातवंडांचे फोटो, हरवलेल्या छत्र्या तिथे. तिथे भांडण पेटलं की ॲडमिन काही बोलत नाही, दोघांना फोन लावतो. मत्तय १८:१५ मध्ये भावाचा अपराध त्याला एकांतात दाखवायला सांगितलं आहे. ग्रुपवर एकांत नसतो.

कॅमेरा कोणासाठी

थेट प्रक्षेपणाची गोष्ट सांगायला मला थोडी लाज वाटते. दर रविवारी एक तरुण मधल्या वाटेत तिपाईवर फोन लावून दीड तास उभा असायचा. आकडा बघितला तर पाच जण बघताहेत, त्यांतला एक तो स्वतः, आवाज तपासायला. उरलेल्या चौघांना मी फोन केले. आजी म्हणाल्या, "चित्र छान दिसतं गं, ऐकू मात्र काही येत नाही." फोन मागे, आवाज पुढे, मधे पंखे आणि खोकले. गेले आठ महिने त्या आवाजाशिवाय बघत होत्या आणि तक्रार केली नव्हती, कारण मुलगा एवढा उभा राहतो बिचारा.

चित्र सोडून दिलं, आवाजाच्या मागे लागलो. पाळकसाहेबांच्या कॉलरला छोटा माइक, आणि ध्वनियंत्रणेतून एक तार थेट फोनला. बाकी काही विकत घेतलं नाही. मोबाइलवरून यूट्यूबवर थेट जायला चॅनेलला किमान ५० सबस्क्रायबर लागतात आणि पहिल्यांदा सुविधा सुरू व्हायला २४ तास लागू शकतात, एवढं आधी माहीत असतं तर एक रविवार वाया गेला नसता. फोन आता वाटेतून हलवून बाजूच्या खांबाला लावला आहे, आणि प्रक्षेपण फक्त शास्त्रवाचन आणि संदेशाचं. साक्ष (कोणी आपला विश्वासाचा अनुभव सांगतं ती) आणि प्रार्थनेच्या वेळी बंद. मात्र शेवटी, सगळे उठून एकमेकांना भेटतात तेव्हा, पाच मिनिटं आजोबा-आजींना व्हिडिओ कॉल लावून फोन हातोहात फिरतो. त्यांना चेहरे हवे होते, ते या पाच मिनिटांत मिळतात. फोन कधी उलटा असतो, कधी नुसतं छत दिसतं. आजींना चालतं.

वाटेतल्या माणसामुळे मंडळीचं लक्ष जातं, ही तक्रार शंभर वर्षं जुनी आहे. २ जानेवारी १९२१ रोजी पिट्सबर्गच्या कॅल्व्हरी एपिस्कोपल चर्चमधली संध्याकाळची उपासना केडीकेए केंद्राने रेडिओवरून प्रसारित केली. असं पहिलंच प्रसारण म्हणून त्याचं नाव घेतलं जातं. मुख्य पाळकांना या नव्या प्रकाराची धाकधूक, म्हणून संदेश धाकट्या पाळकांनी दिला. यंत्र सांभाळणारे दोन तंत्रज्ञ, एक ज्यू आणि एक कॅथलिक, लोकांच्या डोळ्यांत भरू नयेत म्हणून गायकवृंदाचे झगे घालून बसले होते. आमच्या तरुणाला हे सांगितलं तर म्हणाला, मला झगा नको, खांबच बरा.

गाण्यांनी मात्र त्रास दिला. जुनं स्तोत्र, शब्द आणि चाल कधीच्याच सगळ्यांच्या मालकीच्या, पण आम्ही मागे लावलेला वाद्यांचा ट्रॅक कोणीतरी अलीकडे ध्वनिमुद्रित केलेला. यूट्यूबवर २००७ पासून असे आवाज आपोआप ओळखणारी यंत्रणा आहे, त्यामुळे दावा आला आणि तो योग्यच होता. स्तोत्र मोकळं असलं तरी ध्वनिमुद्रण मोकळं नसतं. आणखी एक गोष्ट तेव्हा समजली. उपासनेच्या जागी गाण्याला मिळणारी सूट प्रक्षेपणाला लागू होईलच असं नाही. अमेरिकेच्या कायद्यात तर ती तिथे जमलेल्यांसमोर गाण्यापुरतीच आहे, प्रक्षेपणाची परवानगी वेगळी घ्यावी लागते. आम्ही सोपी वाट धरली: प्रक्षेपणात गाणी नाहीत.

फोटोंबद्दल थोडक्यात. एका आईने एक दिवस हळूच येऊन सांगितलं, संडे स्कूलचा कालचा फोटो काढून टाका. कारण सांगितलं नाही, आम्ही विचारलं नाही, दोन मिनिटांत काढला. नंतर तिने आपणहून सांगितलं की तिचं मूल कुठे आहे हे एका माणसाला कळायला नको आहे. त्या दिवसापासून मुलांचे चेहरे मंडळीच्या उघड्या खात्यांवर जात नाहीत, कोणाचेच. रंगात माखलेले हात, पाठमोरी रांग, भिंतीवर लावलेली चित्रं. 'परवानगी दिलेल्या मुलांचे चालतील' असा अपवाद करावा का, यावर मत पडलं. मी नको म्हटलं. मग फोटोत नसलेली मुलं कोणती, हेच उठून दिसलं असतं.

पाळकांचा फोटो लावून पैसे मागणाऱ्या खोट्या खात्यांबद्दलही एकदा व्यासपीठावरूनच सांगितलं. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०१९ मध्ये मंडळ्यांना अशाच फसवणुकीचा इशारा दिला होता. पाळकांच्या नावाने संदेश, तातडीची मदत, गिफ्ट कार्डचे नंबर. आमचं वाक्य एवढंच: पाळकसाहेब फोनवरून पैसे मागत नाहीत, मागितले तर ते पाळकसाहेब नाहीत.

जे जमलं नाही ते

रील चालल्या नाहीत. म्हणजे एक चांगली चालली, हजारो लोकांनी बघितली, आणि त्यांतलं एकही माणूस आमच्या दोनशे मैलांत राहणारं नव्हतं. तरुणांना वाईट वाटलं. मग त्यांतल्या दोघींनी आजींच्या प्रतिक्रियांना उत्तरं द्यायचं काम घेतलं. शनिवारी संध्याकाळी आजींजवळ बसायचं, आजी सांगतील ते टाइप करायचं. 'हे कुठलं चर्च?' विचारणाऱ्या बाईंना उत्तर पाच महिन्यांनी गेलं. त्या आल्या. गेल्या पेंटेकॉस्टच्या सणाला त्यांची बहीणही आली. रीलपेक्षा हे काम मुलींना आवडतं असं मी म्हणणार नाही. आजींकडे बसायला आवडतं एवढं खरं.

बायबल क्विझ तीन आठवड्यांत मेलं. इन्स्टाग्राम खातं आम्ही बंद केलं नाही, तरुण ते आपलं आपण चालवतात, फक्त मंडळीच्या नावाने काय जातं ते त्यांतले दोघं जण बघतात.

आणि एक प्रश्न अजून सुटलेला नाही. एक धडधाकट जोडपं प्रक्षेपण सुरू झाल्यापासून घरूनच बघतं. कार्यकारिणीत निम्म्यांचं मत, त्यांच्यासाठी प्रक्षेपण थांबवावं. उरलेले म्हणतात, मग आजोबांचं काय. लिंक फक्त ज्यांना लागते त्यांनाच पाठवायची असाही तोडगा निघाला आणि तो मला बरा वाटत होता, पण 'ज्यांना लागते' हे ठरवणार कोण, यावर बैठक संपली. पाळकसाहेब त्या जोडप्याला भेटायला जाणार आहेत. लिंकबद्दल बोलणार नाही म्हणाले.

आकडे मी आता लाइकचे लिहीत नाही. वहीत एकच यादी असते: दोन रविवार न दिसलेली आणि बुधवारच्या आवाजालाही काही न बोललेली माणसं. त्यांना सोमवारी फोन जातो. यादीत कधी तीन नावं असतात, कधी सात.

राहिलं जुनं पेज. शोधलं की अजून दोन्ही पेज दिसतात आणि जुन्यावर अजूनही दहाच. त्याची मालकी सिद्ध करायला लागणारे कागद जमवतो आहोत. मंडळीची नोंदणी ज्या नावाने आहे ते नाव आणि पेजवरचं नाव यांत एका शब्दाचा फरक आहे, आता तो निस्तरायचा. तोपर्यंत शेवटचं गीत सुरू झालं की आमचे एक डीकन (मंडळीच्या सेवेसाठी नेमलेले) काका उठतात आणि दाराबाहेर जाऊन उभे राहतात. दीड वर्षात त्यांना पाच वेळा कोणीतरी भेटलं. मागच्या महिन्यात एक बाई आल्या, दहाला पाच मिनिटं कमी असताना, हातात फोन. आतून आशीर्वादाचा आवाज येत होता.

"संपलं का?" त्यांनी विचारलं.

"उपासना संपत आली," काका म्हणाले. "आम्ही अजून अर्धा तास आहोत. या."